झरोक्यातले बिऱ्हाडकरू

अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात एल्कहार्ट नावाचं गाव आहे. त्या देशात तयार होणाऱ्या बहुतेक आरव्ही या गावात आणि आसपासच्या कारखान्यांत बनतात. आरव्ही म्हणजे ओटा, पलंग, संडास-बाथरूम असा सगळा संसार पोटात घेऊन फिरणारी गाडी. पाहणाऱ्याचं लक्ष आधी जातं ते तिच्या लांबीकडे आणि मोठाल्या काचांकडे. पण गाडीला एक चक्कर मारून बाहेरची भिंत खालपासून वरपर्यंत न्याहाळली, की झरोके दिसू लागतात. एका जागी आडव्या फटींचं लांबट प्लास्टिकचं झाकण असतं, त्यामागे फ्रिजची पाठ. पलीकडे पत्र्याचं चौकोनी, भोकांचं दार, त्याच्या आत गीझर. आणखी पुढे भिंतीतून बोटभर बाहेर आलेली धातूची नळी, ती फर्नेसची. थंडीत गाडी ऊबदार ठेवते ती हीच.

ही तिन्ही यंत्रं बहुधा प्रोपेन गॅसवर चालतात आणि प्रोपेनला हवा भरपूर लागते. एक लिटर प्रोपेन पूर्ण जळायला सुमारे २४ लिटर हवा खर्ची पडते. आपल्या सिलिंडरमध्ये प्रोपेनबरोबर ब्यूटेनही असतो, त्याची भूक तर आणखी मोठी, जवळपास ३१ लिटर. एवढी हवा आत येण्याची आणि जळून झालेला वायू बाहेर पडण्याची वाट या झरोक्यांतूनच जाते. वाट अरुंद झाली की ज्योत निळी राहत नाही. ती पिवळी, लांबट आणि आळशी होते, काजळी धरते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ लागतो. या वायूला ना रंग ना वास. डोकं जड होतं, मळमळतं, झोप येते आणि झोपलेला माणूस उठत नाही.

गंमत अशी की यंत्राला जे भोक जीव की प्राण, तेच कीटकालाही हवं असतं. पावसापासून आडोसा, आत अंधार, वाऱ्याचा मारा नाही आणि तोंड लहान असल्याने शत्रूला शिरायला अवघड. त्यात आरव्ही वर्षातले कित्येक महिने एकाच जागी उभी असते. उत्तरेकडची कुटुंबं ऑक्टोबरच्या सुमारास पाइपांतलं पाणी काढून गाडी बंद करतात आणि थेट वसंतात उघडतात. ऍरिझोनाच्या वाळवंटात हिवाळा काढणाऱ्या मंडळींच्या गाड्या उलट उन्हाळाभर उभ्या असतात. उभ्या गाडीच्या नळीत ना धग असते, ना फुंकर. बिऱ्हाड थाटायला याहून चांगली जागा कोणती?

बिऱ्हाडकरूंत पहिला मान कुंभारीण माशीचा. मराठी घरात ती अनोळखी नाही. खिडकीच्या चौकटीच्या कोपऱ्यात, दाराच्या मागे, कधी भिंतीवरच्या तसबिरीच्या पाठीशी ती चिखलाचं घर बांधते. आपल्याकडे आढळणारी तिची एक जात शास्त्रात मद्रासच्या नावाने ओळखली जाते. अमेरिकेत तिची काळी-पिवळी बहीण आहे, सेलिफ्रॉन सिमेंटेरियम. दोघींचा उद्योग सारखाच. मादी डबक्याच्या काठावर उतरते, ओल्या मातीची गोळी करून तोंडात धरते आणि जागेवर आणून थापते. अशा असंख्य खेपांतून बोटाच्या पेराएवढी एक खोली उभी राहते. मग ती कोळ्यांच्या शिकारीला निघते. नांगी मारून कोळ्याला ती लुळं करते, मारत नाही, कारण मेलेला कोळी सडेल. खोली कोळ्यांनी ठासून भरायची, त्यांतल्या एकाच्या अंगावर एक अंडं घालायचं, तोंड चिखलाने लिंपायचं आणि शेजारी दुसरी खोली सुरू करायची.

तत्त्वज्ञानातला कीटक-भृंग न्याय याच घराकडे पाहून सुचलेला दिसतो. भृंगीने मातीच्या घरात कोंडलेला किडा तिचं गुणगुणणं ऐकत, तिचाच ध्यास घेत अखेर भृंगी होऊन बाहेर पडतो, असा तो दृष्टान्त. निरीक्षण अर्धं बरोबर होतं. आत किडा जातो आणि बाहेर माशी येते, हे खरंच. मधल्या काळात काय घडतं ते बंद भिंतीआड राहिलं. अंड्यातून निघालेली अळी त्या लुळ्या कोळ्यांना एकेक करून खाते, कोष विणते आणि पंख घेऊन भिंत फोडते.

आरव्हीच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट म्हणजे हा चिखल वाळल्यावर दगडासारखा होतो. फर्नेसच्या नळीत असं घर झालं तर पंख्याच्या फुंकरीने ते निघत नाही. अमेरिकेतच आणखी एक निळी-काळी कुंभारीण आहे. ती स्वतः नवं घर बांधत नाही. काळ्या-पिवळ्या माशीचं सोडलेलं घर पाणी आणून भिजवते, मऊ करते आणि आपल्या कामाला घेते. म्हणजे जुनं घर रिकामं आहे म्हणून तसंच राहू दिलं, तर पुढच्या हंगामात तिथे नवा भाडेकरू हजर.

दुसरा बिऱ्हाडकरू कोळी. तो चिखल आणत नाही, फक्त धागा ओढतो. पण गीझरच्या बर्नरमध्ये तेवढा धागाही पुरतो. बर्नरची रचना घरच्या शेगडीसारखीच आहे. पितळी जेटच्या बारीक छिद्रातून गॅस जोराने सुटतो, समोरच्या नळीत शिरतो आणि जाता जाता बाजूच्या उघड्या खिडकीतून हवा ओढून घेतो. ही ओढ गॅसच्या वेगातूनच येते, तिला पंखा नाही की मोटर नाही. नळीच्या तोंडाशी जाळं आलं की हवा कमी ओढली जाते आणि ज्योत बिघडते. कधी गॅस उलटा फिरून नळीच्या बाहेरच पेट घेतो, मग भप्पकन आवाज होऊन दाराचा रंग करपतो. अंगणात मांस भाजायच्या गॅस-ग्रिलमध्येही नेमका हाच धोका असतो. म्हणून वेबरसारख्या कंपन्या हवेच्या खिडकीवर कोळ्यासाठी मुद्दाम बारीक जाळी बसवून देतात.

गॅसला वास यावा म्हणून त्यात जे मर्कॅप्टन मिसळतात, त्याच्या वासाला कोळी भुलतात, असं आरव्हीवाल्यांत ठामपणे सांगितलं जातं. पण वासाचा आधार न घेताही कोळ्याचं वागणं उलगडतं. छोटं तोंड, सावली, थारा आणि रात्री दिव्याला येणारे किडे एवढं मिळालं की कोळ्याला आणखी कसलं आमंत्रण लागत नाही. पेट्रोलच्या बाबतीत मात्र एक उदाहरण आहे आणि त्याने एका मोठ्या कंपनीला कामाला लावलं. २०११ च्या मार्चमध्ये माझदा कंपनीने उत्तर अमेरिकेतल्या सुमारे ६५,००० माझदा-६ गाड्या परत बोलावल्या. पेट्रोलच्या टाकीला हवा पुरवणाऱ्या नळीत एका जातीचा पिवळा कोळी जाळं विणत होता. नळी तुंबली की टाकीत निर्वात दाब तयार होई, त्याने टाकीला तडा जाऊन पेट्रोल गळण्याची भीती. कंपनीने नळीच्या तोंडात एक स्प्रिंग बसवली, म्हणजे कोळ्याला वाट मिळू नये. तीन वर्षांनी, एप्रिल २०१४ मध्ये, सुमारे ४२,००० गाड्या पुन्हा त्याच कोळ्यापायी परत बोलवाव्या लागल्या. या वेळी इलाज सॉफ्टवेअरचा होता. नळी तुंबलीच तर टाकीतला दाब धोक्याच्या पातळीला जाऊ नये, अशी सोय केली गेली. हा बदल नीट ध्यानात घ्यावा असा आहे. पहिल्या इलाजाचा भर कोळ्याला अडवण्यावर होता. दुसऱ्याने तो येणारच असं धरून चालून गाडी सुरक्षित केली.

फ्रिजची गोष्ट थोडी वेगळी. आरव्हीत अनेकदा जो फ्रिज असतो, त्याला घरच्या फ्रिजसारखा कॉम्प्रेसर नसतो. बाल्त्झार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या स्टॉकहोममधल्या दोन विद्यार्थ्यांनी १९२२ मध्ये ही युक्ती शोधली आणि पुढे इलेक्ट्रोलक्स कंपनीने ती बाजारात आणली. अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन बंद नळ्यांत भरलेले असतात. खाली एक लहानशी ज्योत जळते. तिच्या धगीने अमोनिया पाण्यातून सुटतो, वर जाऊन थंड होतो, द्रव होतो, मग हायड्रोजनच्या सोबतीने उडताना फ्रिजमधली उष्णता शोषतो आणि शेवटी पुन्हा पाण्यात विरघळतो. एकही भाग हलत नाही, आवाज नाही, थरथर नाही. ज्योतीने बर्फ तयार करणारं हे यंत्र मोठं देखणं आहे, पण त्याच्या शांतपणाचा फायदा कुंभारणीलाही मिळतो. फ्रिजच्या पाठीमागच्या पोकळीत खालच्या झरोक्यातून थंड हवा आत येते आणि छपरावरून गरम हवा निघून जाते. हा ओढा मंदावला की दुधाचं दही व्हायला वेळ लागत नाही. जेटचं छिद्र तर मिलिमीटरहून लहान. त्यात धुराड्यातून पडलेला गंजाचा एक कपचा किंवा कोळ्याचा धागा अडकला तरी ज्योत विझते.

एवढ्याशा किड्याने यंत्र खरोखर किती बिघडू शकतं, याचा हिशेब विमानवाल्यांनी सगळ्यात काटेकोरपणे मांडला आहे. विमानाच्या नाकाजवळ पिटो नावाच्या नळ्या असतात. समोरून येणाऱ्या हवेचा दाब मोजून त्या वेग सांगतात. ६ फेब्रुवारी १९९६ च्या रात्री डोमिनिकन प्रजासत्ताकातल्या पुएर्तो प्लाताहून बिर्गेनएअर कंपनीचं बोइंग ७५७ उडालं. मुख्य वैमानिकाचा वेगदर्शक चुकीचा, फार जास्त वेग दाखवत होता. विमान समुद्रात कोसळलं आणि त्यातले सर्व १८९ जण दगावले. विमान त्याआधी काही दिवस उभं होतं आणि नळ्यांवर झाकणं नव्हती. त्या नळ्या समुद्रातून कधी वर आल्या नाहीत, पण तपास करणाऱ्यांचा रोख कुंभारणीच्या घरावर होता.

नळी बुजायला काही दिवस तरी लागतातच, अशी समजूत करून घेणाऱ्यांना २०१३ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेन विमानतळाने उत्तर दिलं. त्या वर्षी २१ नोव्हेंबरला एतिहाद कंपनीचं एअरबस ए-३३० वेगाच्या आकड्यांत तफावत आल्याने उड्डाणानंतर परतलं. मुख्य वैमानिकाच्या पिटो नळीत माशीचा चिखल सापडला. विमान तिथे जमिनीवर होतं ते जेमतेम दोन तास.

ब्रिस्बेनला या प्रश्नाचा पुढे रीतसर अभ्यास झाला. तिथली मुख्य गुन्हेगार परदेशातून आलेली, मध्य आणि दक्षिण अमेरिकेकडची एक माशी निघाली. कुलपाच्या भोकात घर करण्याच्या सवयीवरून तिला ओळखतात. संशोधकांनी निरनिराळ्या विमानांच्या नळ्यांच्या हुबेहूब प्रतिकृती त्रिमितीय छपाईने बनवल्या आणि विमानतळावर चार ठिकाणी मांडून ठेवल्या. २०१६ ते २०१९ मधल्या ३९ महिन्यांत ९३ वेळा नळी पूर्ण बुजलेली आढळली. आरव्हीवाल्यांच्या कामाची बाब त्यात एकच, पण मोलाची: माशीने निवडली ती ३ मिलिमीटरहून मोठी तोंडं.

जाळीचा विचार इथून सुरू करायला हवा. दुकानात जाऊन सगळ्यात बारीक जाळी मागणं ही पहिली चूक. नेहमीच्या मच्छरजाळीत इंचाला एका दिशेने १८ आणि दुसऱ्या दिशेने १६ तारा असतात. तार साधारण ०.२८ मिलिमीटर जाडीची धरली, तर प्रत्येक घर सव्वा मिलिमीटरच्या आसपास भरतं. पण तारांनीच सुमारे एक तृतीयांश जागा खाल्लेली असते, हवेला उरतं ६६ टक्के. त्यावर धूळ, परागकण, रस्त्यावरची काजळी बसली की उरलेलं भोकही मिटत जातं. उलट इंचाला आठ तारांच्या जाळीत घर पावणेतीन मिलिमीटरचं येतं आणि तार बारीक असेल तर तीन चतुर्थांश जागा मोकळी राहते. ३ मिलिमीटरच्या आतलं हे घर कुंभारणीला नडतं. कोळ्याची नुकती जन्मलेली पिल्लं मात्र धाग्यावर तरंगत येतात आणि ती मच्छरजाळीतूनही आत शिरतात. म्हणून मोठ्या माशीसाठी जाळी आणि बारक्या कोळ्यासाठी ब्रश, अशी वाटणी मान्य करणंच शहाणपणाचं.

जाळीने खाल्लेली जागा परत मिळवायची एक सोपी रीत आहे. दहा सेंटिमीटर लांब-रुंद झरोका घ्या. त्यावर मच्छरजाळी सपाट ताणली तर १०० चौरस सेंटिमीटरपैकी ६६ मोकळे राहतात. त्याऐवजी पाच सेंटिमीटर उंचीची जाळीची पेटी करून तीच बसवली, तर समोरची बाजू आणि चार भिंती मिळून जाळी ३०० चौरस सेंटिमीटर होते आणि मोकळी जागा जवळपास २००. मूळ भोकाच्या दुप्पट. गीझरच्या दारावर बसवायच्या तयार जाळ्या फुगीर असतात, त्यामागे हाच हिशेब. जाळी घ्यायची ती स्टेनलेस स्टीलची. फायबरची जाळी गरम वायूने वितळते आणि साधी लोखंडी गंजून तिचेच कपचे बर्नरवर पडतात.

फ्रिजचा खालचा झरोका जाळी लावायला सर्वांत सोयीचा. झाकणाच्या आतल्या बाजूने जाळी कापून केबल टायने बांधली की काम झालं. दर हंगामात ती काढून झटकायची. गीझरला फुगीर जाळी चालते. फर्नेसची गोष्ट निराळी. आरव्हीसाठी फर्नेस बनवणाऱ्या प्रमुख कंपन्या तिच्या झरोक्यावर जाळी लावू नका असं बजावतात. फर्नेसमध्ये एकाच मोटरच्या दोन टोकांना दोन पंखे असतात. एक खोलीतली हवा फिरवतो, दुसरा जळणासाठी बाहेरची हवा ओढतो आणि तापलेला वायू नळीतून ढकलून देतो. हे सगळं गणित ठरावीक भोकावर बेतलेलं असतं. नळीच्या तोंडावर जाळी आली आणि तीवर धूळ साचली, तर परिणाम माशीच्या घराचाच. बाजारात फर्नेससाठीही जाळ्या विकायला आहेत आणि अनेकजण त्या लावतात. तरीही इथे यंत्र बनवणाऱ्याचं ऐकावं. फर्नेस बिघडली तर ती माणसं झोपेत असताना बिघडते.

मग फर्नेस उघडीच ठेवायची? गाडी वापरात असताना, हो. ती अधूनमधून चालवली की कुंभारणीला निवांत बस्तान बसवता येत नाही, पण माशीला दोन तासही पुरतात, म्हणून पेटवण्याआधी नळीत डोकावून पाहावं. गाडी महिनोन्महिने उभी राहणार असेल तेव्हा झाकण लावावं. पण झाकणाचाही एक धडा ब्रिस्बेनलाच मिळालेला आहे. १८ जुलै २०१८ रोजी मलेशिया एअरलाइन्सचं ए-३३० विमान तिथून पिटो नळ्यांची झाकणं न काढताच उडालं. झाकणं लावली होती ती माशीपासून बचाव म्हणून, त्यांना लाल फिती लोंबत होत्या आणि उड्डाणाआधी एकाहून अधिक माणसांनी विमान तपासायचं होतं. वैमानिकांना वेग कळेना. त्यांनी विमान सुखरूप उतरवलं, तरी माशी न येताही नळी बंदच होती.

आरव्हीच्या मालकाने फर्नेसच्या झाकणाला लाल फीत तर बांधावीच, पण तेवढ्यावर विसंबू नये. फीत बाहेर असते आणि फर्नेस सुरू करणारा हात आत, थर्मोस्टॅटवर. म्हणून झाकण लावताना सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करावा आणि थर्मोस्टॅटवर ठळक अक्षरांत चिठ्ठी चिकटवावी. गाडी भाड्याने घेणाऱ्यांना तर याची जास्त गरज. अमेरिकेत मुलाकडे गेलेले आई-वडील, नातवंडं आणि यलोस्टोन उद्यानाचा बेत, असा योग अनेक मराठी घरांत येतो. ताब्यात मिळालेली गाडी शेवटची कधी चालली हे त्यांना माहीत नसतं. किल्ली घेतानाच तिन्ही झरोके उघडून दाखवायला सांगणं, फर्नेस आणि गीझर समोर पेटवायला लावणं, यात संकोचण्यासारखं काही नाही.

घर सापडलंच तर काय करावं? आधी गॅस बंद, मग यंत्र थंड होऊ द्यायचं. वाळलेला चिखल आत ढकलायचा नाही. वाकड्या तारेने किंवा लांब नाकाच्या पकडीने तो बाहेर ओढायचा आणि उरलेला भुगा व्हॅक्यूमने खेचायचा. बर्नरच्या नळीतून बाटली धुवायचा लांब ब्रश फिरवायचा. जेटमध्ये मात्र पिन घालायची नाही. रॉकेलच्या स्टोव्हची सवय असलेला हात पिनकडेच जातो, पण पितळ मऊ असतं. छिद्र केसभर जरी मोठं झालं तरी गॅस जास्त सुटतो आणि ज्योत कायमची बिघडते. जेट काढून अल्कोहोलमध्ये भिजवावं, नंतर वाळवून परत लावावं. कीटकनाशकाचा फवारा बर्नरजवळ कधीच मारू नये. त्या डब्यांतला दाबाचा वायू बहुधा ज्वालाग्राही असतो. डांबराच्या गोळ्याही ज्वालाग्राही, त्या फ्रिजच्या पाठीशी ठेवण्यात काही अर्थ नाही.

अमेरिकेतल्या आरव्हीसाठी एनएफपीए ११९२ नावाचं मानक आहे. त्यात धूर, गॅसगळती आणि कार्बन मोनॉक्साइड ओळखणारी यंत्रं सांगितली आहेत. माझदाच्या दुसऱ्या इलाजाशी त्यांचं नातं आहे. जाळी चुकली, ब्रश चुकला, तरी माणूस जागा व्हावा यासाठी ती असतात. त्यांचंही आयुष्य ठरलेलं असतं आणि मुदतीची तारीख पाठीमागे छापलेली असते. जुन्या गाडीत हिरवा दिवा लागतो म्हणून कुणी ती उलटवून पाहत नाही.

महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, म्हणजे अशा गाड्या आपल्याकडेही रस्त्यावर दिसू लागतील. पण झरोक्याचा प्रश्न त्याआधीच आपल्या घरात आलेला आहे. पुण्या-मुंबईत, नाशकात बाथरूममधल्या गॅस गीझरने माणसं दगावल्याच्या बातम्या हिवाळ्यात येत राहतात. तिथे वाट माशीने अडवलेली नसते. गार वारा येतो म्हणून झरोक्याला पुठ्ठा लावलेला असतो, डास येतात म्हणून दाट जाळी ठोकलेली असते आणि ती वर्षानुवर्षं धुतलेली नसते. अशा जाळीवर बोट फिरवलं तर काळं लोण्यासारखं काहीतरी बोटाला लागतं. ती आज काढून साबणाच्या पाण्यात टाकावी. गॅस गीझर बाथरूमच्या बाहेर मोकळ्या हवेत न्यावा. तोवर गीझर पेटलेला असताना खिडकी उघडी असावी आणि आतली ज्योत निळी आहे ना, हे रोज नजर टाकून पाहावं. पिवळी दिसली तर गॅस बंद करून मेकॅनिकला बोलवावं, आणि तो येईपर्यंत पाणी चुलीवर किंवा शेगडीवर तापवावं.